रिफाच्या मिसेस मच्याडो

विल्सनने मिसेस मच्याडोंना मारलं ते माइकवरून, फादरांच्या डोळ्यांदेखत, आणि तेही शुक्रवारच्या मिस्सेत.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. विल्सनच्या मनात वाईट असं सहसा नसतंच. जे काय व्हायचं ते त्याच्या उत्साहातून होतं. नोव्हेंबर हा मृतांचा महिना. बहरीनमधली वसईकर ख्रिस्ती मंडळी या महिन्यात एका शुक्रवारी मराठी मिस्सा ठेवतात आणि आपापल्या गेलेल्या माणसांची नावं मोठ्याने घेतात. गावाकडे यासाठी दफनभूमी असते, मेणबत्त्या असतात, फुलं असतात. इथे बहुतेकांची माणसं समुद्रापलीकडे पुरलेली, त्यामुळे सगळा भार नावांवर. नावं घ्यायचं काम विल्सनकडे असतं, कारण त्याचा आवाज खणखणीत आहे आणि दुसरं कुणी पुढे येत नाही.

सगळ्यांची नावं झाली. शेवटी त्याने स्वतःच्या आईचं नाव घेतलं, "नातालीन." इथे थांबला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण आईचं नाव घेताना त्याचा गळा भरून आला, आणि गळा भरला की जीभ जुन्या वाटेने जाते. लहानपणापासून आईच्या तोंडून त्याने एकाच बाईचं नाव ऐकलं होतं. आईने पडदे घेतले तरी ती बाई मध्ये, चपला घेतल्या तरी ती मध्ये. "मिसेस मच्याडोने घेतल्यात, मग मला काय झालंय?" इतकी वर्षं त्या बाईचं नाव कानावर नाही, आईपेक्षा थोराड होती म्हणतात, म्हणजे गेलीच असणार, आणि बिचारीचं नाव घ्यायला इथे आहे कोण? एवढा सगळा विचार विल्सनने एका श्वासात उरकला आणि तो माइकमध्ये म्हणाला, "आणि रिफाच्या मिसेस मच्याडो."

"हे प्रभू, त्यांना चिरशांती दे," सगळे म्हणाले आणि गुडघ्यांवर गेले. एकच बाई उठून उभी राहिली. तिसऱ्या रांगेत, पर्स छातीशी धरून, फ्लोरीमावशी. चेहरा पांढराफटक. शेजारणीने तिला हाताला धरून बसवलं. मागच्या बायका कुजबुजल्या, "अगं बाई, तिला आत्ता कळलं!"

फ्लोरीमावशीला बहरीनमधला कुठलाही जुना वसईकर ओळखतो, आणि बऱ्याच जणांच्या कमरेचं माप तिला अजून पाठ आहे. ती लग्न होऊन इथे आली तेव्हा तिचा नवरा पायस एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होता. तिला एका इंग्रजी शिपिंग ऑफिसात टायपिस्टची नोकरी मिळाली. तिथल्या साहेबाची मड्डम 'हॉलिंगवर्थ अँड पाइक' या मँचेस्टरच्या कंपनीची एजंट होती. साहेबाची बदली झाली आणि मड्डमने जाताना एक जाडजूड पुस्तक फ्लोरीच्या टाइपरायटरवर आणून ठेवलं. म्हणाली, हे आता तुझं. तेव्हापासून फ्लोरी नोकरीपुरती टायपिस्ट आणि उरलेल्या आयुष्यात एजंट झाली.

पाइकची गोष्ट मावशी सांगायची ती अशी. मँचेस्टरच्या गिरण्यांतल्या माणसांना घड्याळ हवं असायचं आणि परवडायचं नाही. मग कुणा हॉलिंगवर्थने काय केलं, तर भिशी लावली. दर आठवड्याला प्रत्येकाने थोडं थोडं टाकायचं, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला घड्याळ. हे ऐकून मावशीच्या गुदैबिया भागातल्या फ्लॅटमध्ये जमलेल्या बायका भलत्याच खूष व्हायच्या. साहेबसुद्धा भिशी लावतो म्हणजे आपण काही अगदीच हे नाही! पुढे घड्याळामागून ब्लँकेटं आली, बूट आले, कपबश्या आल्या, आणि सगळ्यांचे फोटो मिळून ते पुस्तक झालं. कंपनीला दुकान असं नव्हतंच. गल्लीतली एक बाई म्हणजे दुकान आणि तिच्या शेजारणी म्हणजे गिऱ्हाईक. माल घरी यायचा, घालून बघायचा, पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर पंधरवड्यात परत. याला मावशी 'अ‍ॅप्रूव्हल' म्हणायची, आणि तिच्या तोंडी तो शब्द एखाद्या संस्कारासारखा वाटायचा.

पुस्तक वर्षातून दोनदा यायचं. हिवाळ्याचं पुस्तक यायचं ऐन जुलैत. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय, खिडकीचा एसी धापा टाकतोय आणि बायका घाम पुसत लोकरीचे कोट निवडतायत. मधली आतल्या कपड्यांची पानं पायसने ब्राऊन पेपर चिकटवून बंद केली होती, कारण फादर कधीही घरी येऊ शकतात. तो कागद बायकांनी इतक्या वेळा उचलला की पुस्तकातली तीच पानं सर्वांत आधी सुटी व्हायची.

आणि या सगळ्यात मिसेस मच्याडो. रिफाला, म्हणजे पैसेवाल्यांच्या वस्तीत, व्हिला, नवरा तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मिस्सेला अवालीच्या चर्चमध्ये जाते म्हणून इकडे दिसत नाही. पण चव उंची. "मिसेस मच्याडोने दोन घेतले," मावशी पान उलटता उलटता म्हणायची, आणि बघता बघता खोलीत सहा ऑर्डरी पडायच्या. विल्सनला पाचवीत असताना एक पिवळा रेनकोट मिळाला तो मिसेस मच्याडोंच्या भाच्याने घेतला म्हणून. बहरीनमध्ये रेनकोट! आईने तो पैसे वसूल व्हावेत म्हणून बाबांना गच्चीवरची पाण्याची टाकी धुताना घालायला लावला.

पुढे मॉल आले, मग फोनवर कपडे मागवायची सोय आली, आणि पाइकचं पुस्तक दरवर्षी बारीक होत गेलं. एका वर्षी आलंच नाही. कंपनी बुडाली. बुडाली म्हणजे गोदामं गेली, माणसं गेली, पण नाव कुणीतरी विकत घेतलं. आजही इंटरनेटवर हॉलिंगवर्थ अँड पाइक लिहिलं की एक पान उघडतं. त्यावर लवकरच येत आहोत असं लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं तेच. अंग नाही, नुसतं नाव.

तर त्या शुक्रवारी दुपारी मावशीच्या फ्लॅटवर माणसं यायला लागली. कुणी पाव आणले, कुणी पोर्क इंदियालचं पातेलं. मावशीच्या मुलाला, संदेशला, आपल्या घरी कोण वारलंय हे कळेना. तो प्रत्येकाला सोफ्यावर बसवून सरबत देत राहिला आणि गर्दी ओसरल्यावर डोकं दुखतंय म्हणून आपल्या खोलीत जाऊन पडला. वसईकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. आणि आठवणी सुरू झाल्या.

एकीने लिहिलं, मी त्यांना एकदा बाब अल बहरीनच्या बाजारात पाहिलं होतं, सोनेरी काडीचा चष्मा होता. दुसरी म्हणाली, हो हो, आणि लॅव्हेंडरच्या पावडरीचा वास. तिसरी म्हणाली, डाव्या पायाने किंचित लंगडायच्या पण चाल काय राजेशाही. एका निवृत्त नर्सबाईंना तर त्यांनी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये मुलांची चौकशी केल्याचं आठवलं. विल्सन सोफ्याच्या हातावर बसून हे सगळं मोठ्याने वाचून दाखवत होता. आपण एका विसरलेल्या बाईला पुन्हा माणसांत आणलं, याचं त्याला जरा समाधानच वाटत होतं. पुढच्या शुक्रवारी खास त्यांच्यासाठी मिस्सा ठेवावी असं त्याने ग्रुपवर सुचवलं, आणि अंगठ्यांचा पाऊस पडला.

माणसं गेली. मावशी म्हणाली, "विल्सन, दार लाव. आणि आत ये."

स्वयंपाकघरात ती स्टुलावर बसली. समोर तीन घरांतून आलेली तीन पातेली. ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू त्यातलं एखादं झाकण आपोआप उचललं जाणार आहे.

"ती बाई नव्हती," मावशी म्हणाली.

"कोण नव्हती?"

"मच्याडो. नव्हतीच कधी. मी केली ती."

विल्सनला आधी वाटलं, मावशीला धक्का बसलाय. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पाणी नको देऊ मला, मेल्या. ऐक. एक साल असं आलं की चार-पाच घरं एकदम गेली. कुणाची नोकरी संपली, कुणाचा व्हिसा. कंपनीचं म्हणणं, इतकी गिऱ्हाइकं नसतील तर पुस्तक बंद. मला एक कमी पडत होतं. एकच. मग मी एक बाई लिहिली. रिफाचा पत्ता लिहिला, असाच, मनाने. माप लिहिलं चौदा नंबर. मला तेव्हा चौदा नंबर व्हायची फार इच्छा होती."

"आणि ऑर्डरी?"

"दर वेळी एक मागवायची आणि परत पाठवायची. पसंत नाही म्हणून. कंपनीने तिची माफी मागणारी कार्डं पाठवलीत. वाढदिवसाला फुलांचं चित्र. माझा वाढदिवस त्यांना कधी आठवला नाही." मावशीने पदराने कपाळ टिपलं. "मग एकदा सहज बोलून गेले, मिसेस मच्याडोने घेतला. तर त्या दिवशी तुझ्या आईने, वरच्या जुबैदाने, सगळ्यांनी घेतला. मग काय, ती बाई माझ्यापेक्षा जास्त विकायला लागली."

विल्सनला हसू यायला हवं होतं. आलंही थोडं. पण मावशी हसत नव्हती.

"ते ग्रुपवर लिहिलंय ना," ती आवाज खाली आणून म्हणाली, "चष्मा मी दिला होता तिला. पावडरही मीच. लंगडणं माझं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कधी कुणाला ती लंगडते म्हणून सांगितलं नाही. लिफ्टही माझी नाही. हे कोण देतंय तिला?"

फ्रिज थरथरून बंद पडला आणि स्वयंपाकघरात एकदम शांत झालं. तेवढ्यात विल्सनची नजर उघड्या दारातून मावशीच्या खोलीत गेली. संध्याकाळचा उजेड जेमतेम होता. कपाटाच्या दारापाशी एक निळी बाई उभी होती. अंगाने शेलाटी, डोकं नसलेली, आणि एसीच्या वाऱ्यावर किंचित, अगदी किंचित डुलत होती.

"ते काय आहे?"

"तिचा झगा. शेवटचा," मावशी मागे वळूनही न बघता म्हणाली. "परत पाठवायला काढला आणि कंपनीच बुडाली. आता परत कुणाला करू? तिचाही नाही, माझाही नाही. माझा तर एक हातसुद्धा जाणार नाही त्यात. पायस होता तेव्हा म्हणायचा, दे कुणाला तरी. मी देऊ शकले नाही. खालचा वॉचमन मला विचारतो, मॅडम, तुमच्याकडे पाहुणी आलीय का? खिडकीत दिसते."

विल्सनने उठून त्या खोलीचं दार लोटलं. मग मावशी काय म्हणेल म्हणून पुन्हा थोडं उघडलं. मग पुन्हा लोटलं.

"मिस्सा मी रद्द करतो," तो म्हणाला. "फादरांना सांगतो, गैरसमज झाला."

"फादरांचं मी बघेन. नसलेल्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणजे देवाकडे खोट्या पत्त्यावर पार्सल पाठवण्यासारखं आहे, ते येईल परत. मला फिकीर जुबैदाची आहे."

जुबैदा म्हणजे वरच्या मजल्यावरची. कोकणातल्या म्हसळ्याकडची. तिचा नवरा रहिमतुल्ला आयुष्यभर मीना सलमान बंदरात क्लिअरिंगच्या ऑफिसात होता. पाइकची खोकी बोटीवरून सोडवून आणायचं काम त्याचं. फ्लोरी आणि जुबैदा या एकाच जिन्यात म्हाताऱ्या झाल्या. आता रहिमतुल्लाचाचा रिटायर झाले होते, व्हिसा संपत होता, आणि येत्या मंगळवारी दोघं कायमचे गावी चालले होते.

"तिचा दुपारी फोन आला," मावशी म्हणाली. "रडत होती. म्हणते, जायच्या आधी मला मच्याडोच्या कबरीवर ने. मला फातेहा वाचायचाय. आता मी कबर कुठून आणू? आणि ती गेली की गेली, विल्सन. परत या जिन्यात येणार नाही. तिला मी इतक्या वर्षांत मापात कधी फसवलं नाही. या एका बाईबद्दल फसवलं. ते तसंच ठेवून तिला विमानात बसवू?"

"मग?"

"मग काय. चल वर. एकटीने नाही होणार माझ्याच्याने."

वर अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. रहिमतुल्लाचाचा जमिनीवर बसून एका खोक्याला नायलॉनची दोरी आवळत होते. जुबैदाचाची सोफ्यावर, डोळे सुजलेले.

"ये गो फ्लोरी. विल्सन, त्या कार्टनवर बसू नको बाबा, त्यात काचेचा सामान हाय. फ्लोरी, कबर कुठं हाय ते सांग आधी. उद्या यल्ला म्हणून निघू या."

"जुबैदा, कबर नाही."

"गावाला नेली?"

"बाईच नाही. मिसेस मच्याडो अशी कुणी नव्हती. मी बनवली. कंपनीला गिऱ्हाईक कमी पडत होतं म्हणून. आणि मग तुम्हाला सांगत राहिले, तिने हे घेतलं, तिने ते घेतलं. तू घ्यावंस म्हणून."

मावशीने हे एका दमात सांगितलं आणि मान खाली घातली. चाचांची दोरी हातातच राहिली.

जुबैदाचाची विल्सनकडे वळल्या. "हिला सकाळपासून काय खायला घातलंस का रे?"

"चाची, खरं सांगतेय ती."

"तू गप. तूच तर माइकवर बोललास. फादर काय खोट्या बाईची दुआ करतात?" मग मावशीकडे. "फ्लोरी, एक विचारते. सारी जिंदगी त्या बाईवर जळलीस. आता ती मेली तरी तुझा सुटत नाय?"

"मी? मी जळले?"

"नाय तर काय! 'मिसेस मच्याडोने दोन घेतले' बोलताना तुझा तोंड आरशात बघायचा होतास. लिंबू चावल्यासारखा. नातालीनला मी तेव्हाच बोल्लेली, बघ, फ्लोरीला ती बाई खपत नाय. पैशेवाली हाय, बारीक हाय, म्हणून. पण मयताबद्दल असा बोलायचा? नव्हतीच म्हणे! तौबा कर."

"अगं, तिचं माप, तिचा चष्मा, सगळं मी—"

जुबैदाचाची उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक गुलाबी, रजईसारखा शिवलेला हाऊसकोट होता. बाह्यांची टोकं झिजून पांढरी पडलेली. तो गावी न्यायच्या सामानात अगदी वर ठेवला असणार.

"हा कुणी पाठवला?"

मावशीने कोटावरून नजर काढली.

"माझी अम्मा गेली तेव्हा माझा आठवा महिना," जुबैदाचाची विल्सनला सांगू लागल्या, जणू पंच तोच होता. "विमानात घेत नव्हते. मला जाता आला नाय. मी जेवत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. हे बघून चाचा घाबरले. तेव्हा ही हा कोट घेऊन आली. बोल्ली, मिसेस मच्याडोने पाठवलाय. तिची पण आई अशीच गेलेली गावाला, तिला पण जाता आला नाय. ती पण अशीच थंडी वाजल्यासारखी कुडकुडत बसलेली, भर गर्मीत. म्हणून कोट. मी तो कोट घालून पहिल्यांदा रडले. त्या दिवसापासून एक नमाज अशी नाय की मी त्या बाईसाठी दुआ मागितली नाय. आता ही सांगते, नव्हतीच. असा दुःख कुणाला बनवून सांगता येतो का? बोल तू. येतो?"

विल्सनने मावशीकडे पाहिलं.

"ती माझी आई होती, जुबैदा."

"तुझी?" जुबैदाचाचींना खराखुरा राग आला. "तुझी आई गेली तो आठवडा मला चांगला आठवतो. तू माझ्याकडं पुस्तक घेऊन आलेलीस. पडदे दाखवत होतीस. हसत होतीस. आई गेलेली बाई अशी असते?"

मावशीने त्या हाऊसकोटाची झिजलेली बाही हातात घेतली.

"हिरवे होते पडदे," ती म्हणाली.

"हिरवे. मी घेतले नाय."

चाचांनी दोरीला गाठ मारली, घसा साफ केला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, "मी बघितलीय तिला."

तिघांनी माना वळवल्या.

"एकदाच. खोक्यावर नाव बघितला, मच्याडो, रिफा. ऑफिसची पिकअप तिकडंच चाललेली. म्हटला, फ्लोरीला कशाला तरास, आपणच देऊन येऊ. व्हिला होता. पांढरा फाटक, लाल बोगनवेल. घंटी मारली. दार थोडासा उघडला, एवढासा. हात बाहेर आला, पार्सल घेतला. आत अंधार होता, तोंड नीट दिसला नाय. बोल्ली, थँक यू, रहिमतुल्ला."

"शर्टावर नाव असेल तुमच्या," विल्सन घाईघाईने म्हणाला. "बॅज."

"क्लिअरिंगच्या माणसाला कसला बॅज? बनियनवर फिरायचो आम्ही गोदामात. नाव तिला कसा ठाऊक, हे मी पण कितीदा मनाला विचारला. मग म्हटला, फ्लोरीने सांगितला असेल."

विल्सनने मावशीकडे पाहिलं आणि नको होतं तेच पाहिलं. मावशी घाबरली होती. एजंट घाबरतो तशी नाही, लहान मूल घाबरतं तशी.

"कधी?" तिने विचारलं. "त्यात काय होतं?"

"ते मला काय ठाऊक? मऊ होता. लोकरीचा काय तरी."

"शाल," मावशी पुटपुटली. "करडी. ती कधी आलीच नाही माझ्याकडे. मी कंपनीला कळवलं, समुद्रात हरवली."

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवत गेली. जुबैदाचाचींनी हाऊसकोटाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. आपलं माणूस आपल्याला परत मिळालं, एवढंच होतं. त्या मावशीशेजारी येऊन बसल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"फ्लोरी. खलास. मी रागावले नाय. कबर कुठं हाय, तेवढा सांग."

मावशीने डोळे मिटले. उघडले तेव्हा तिचा आवाज अगदी कामाचा होता, ऑर्डर लिहून घेतानाचा.

"वसईला, निर्मळ गावात. चर्चच्या मागे गेलीस की चिंच आहे मोठी. तिच्याखाली पांढरा क्रूस. नाव मच्याडो दिसणार नाही. माहेरचं आहे."

"मुंबईला उतरलो की आधी तिकडं," जुबैदाचाची चाचांना म्हणाल्या. "मग म्हसळा."

"इंशाल्ला," चाचा म्हणाले आणि पुढच्या खोक्याकडे वळले.

"फुलं नेशील?" मावशीने विचारलं. "तिला अबोली आवडायची."

"नेईन. आणि काय सांगू तिला?"

"काही नको. थोडा वेळ बस फक्त. घाई करू नको. कुणी बसलेलं नाही तिच्याजवळ बरेच दिवस."

विल्सनला ती चिंच माहीत होती. मागच्या सुट्टीत तो आईच्या कबरीवर गेला तेव्हा मावशीनेच त्याला बजावलं होतं, चिंचेखालीही एक मेणबत्ती लाव, तिथे माझी आई आहे. तो तोंड उघडायला गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा उत्साह वेळेवर आटला.

निघताना जुबैदाचाची दारापर्यंत आल्या. मावशीच्या खांद्यावरचा पदर त्यांनी सारखा केला. "शुक्रवारच्या मिस्सेत माझ्या नावाने पण एक मेणबत्ती लाव तिला," त्या म्हणाल्या. मावशीने मान हलवली. मिस्सा होणार, हे त्या मान हलवण्यात ठरून गेलं.

जिन्यातला दिवा नेहमीप्रमाणे गेलेला होता. मावशी कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होती आणि विल्सन फोनचा उजेड धरून तिच्यामागे. मधल्या वळणावर ती दम खायला थांबली. खालून कुठूनतरी, कुणाच्या तरी दारातून, लॅव्हेंडरसारखा वास आला; की विल्सनला तसं वाटलं. त्याने इकडे तिकडे उजेड फिरवला. भिंत होती, मीटरचे डबे होते, एक जुनी सायकल होती.

"मावशी," तो म्हणाला, आणि त्याचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता, "मग रहिमतुल्लाचाचांनी ती शाल दिली कुणाला? ती बाई कोण होती?"

मावशी पुढची पायरी चाचपत म्हणाली, "मला काय विचारतोस, मी कधी भेटलेय तिला?"